कुरिअरचा खर्च बोलीबाहेर ठेवल्याने फरक पडतो

ऑनलाइन लिलावात माल विकताना ‘गिऱ्हाईक शेवटी एकूण रक्कमच बघतं, कुरिअर वेगळं लावलं काय नि किमतीत धरलं काय’ असं म्हटलं जातं; ते मला पटत नाही. होसेन आणि मॉर्गन या अर्थशास्त्रज्ञांनी ईबे या लिलावाच्या संकेतस्थळावर गाण्यांच्या सीडी व एक्सबॉक्सचे व्हिडिओ गेम विकून हेच तपासलं; निबंध २००६ चा. एकीकडे ४ डॉलरपासून बोली, पाठवणी फुकट. दुसरीकडे १ सेंटपासून बोली, पाठवणी ३.९९ डॉलर. सुरुवातीची बेरीज तीच, तरी दुसऱ्या प्रकारात बोली लावणारे वाढले आणि बहुतेकदा पैसेही जास्त आले. मात्र सीडीची पाठवणी ६ डॉलर केल्यावर तो फायदा उरला नाही.

आपल्या कोल्हापुरी चपलांचं दुखणं इथंच आहे: त्यांची पाठवणी महाग पडते. कुरिअरवाले बऱ्याचदा खोक्याच्या आकारावरून वजन धरतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागायचं. ३०×२०×१० चा खोका म्हणजे १.२ किलो, आतला जोड कितीही हलका असो. हुपरीच्या चांदीच्या पैंजणांना ही अडचण नाही, ते छोट्या खोक्यात मावतात. चपला एकमेकींत नीट बसवून उंची ७ वर आणली, तर तोच खोका ०.८४ किलोचा होतो. लिलाव लावण्याआधी खोका मोजा, आणि पाठवणीचा आकडा बोलीशेजारीच ठळक लिहा.