माजी जिमखाना सचिवांचा मानफलक: नावांची यादी पक्की कशी करायची आणि फलक कसा करवून घ्यायचा?

प्रश्न: जिमखाना_दक्षिण

आमचं महाविद्यालय दक्षिण महाराष्ट्रातलं, १९४० च्या दशकात सुरू झालेलं. आधी मुंबई विद्यापीठ, मग पुणे, मग शिवाजी विद्यापीठ असा संलग्नतेचा प्रवास झाला. जिमखान्याच्या इमारतीत आजवरच्या सगळ्या जिमखाना सचिवांच्या नावांचा फलक लावायचा ठरलं आहे. अंदाजे ८० वर्षांची नावं लागतील. हातात आहेत २५-३० वार्षिकांक, एका कपाटातले ग्रुप फोटो आणि माजी विद्यार्थ्यांनी तोंडी सांगितलेली नावं. तीन अडचणी आहेत. एकाच वर्षाला दोन-दोन नावं येतात. काही वर्षांना नावच मिळत नाही. जुन्या कागदांवरची इंग्रजी नावं देवनागरीत कशी लिहायची तेही कळत नाही. शिवाय फलक लाकडी करावा की ॲक्रिलिकचा? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

उत्तर १: दप्तरी

नावं गोळा करण्याआधी पद ठरवा. एका वर्षाला दोन नावं येण्याचं मुख्य कारण तेच असतं. जुन्या महाविद्यालयांत प्राचार्य हे जिमखान्याचे पदसिद्ध अध्यक्ष, एखादे प्राध्यापक उपाध्यक्ष किंवा चेअरमन आणि विद्यार्थ्यांतून जनरल सेक्रेटरी, म्हणजे जी.एस. शिवाय विद्यापीठ प्रतिनिधी (यू.आर.), विद्यार्थिनी प्रतिनिधी (एल.आर.), क्रिकेट, हॉकी, टेनिसचे वेगळे सेक्रेटरी आणि स्नेहसंमेलनाचा सचिव वेगळाच. माजी विद्यार्थी 'तो सेक्रेटरी होता' म्हणतात, तेव्हा यांतला कोणताही असू शकतो. १९७५ नंतर कनिष्ठ महाविद्यालयं सुरू झाल्यावर अनेक ठिकाणी त्यांचा प्रतिनिधी वेगळा निवडला जाई. तो वरिष्ठच्या यादीत घुसला की झालंच.

दुसरी गोम वर्षाची. १९५८-५९ या शैक्षणिक वर्षाचा वार्षिकांक मार्च १९५९ मध्ये निघतो. मुखपृष्ठावर नुसतं '१९५९' असतं आणि नोंदणारा ते १९५९-६० धरतो. मग पुढची सगळी यादी एका घराने सरकते. फलकावर कायम जोडवर्षच लिहा आणि प्रत्येक अंकातल्या जिमखाना अहवालाचा पहिला परिच्छेद वाचून वर्ष ठरवा. मुखपृष्ठावर विसंबू नका.

कागद तपासण्याचा क्रम मी असा ठेवीन. आधी वार्षिकांकातला जिमखाना अहवाल. मग ग्रुप फोटोखालची छापील पट्टी, 'बसलेले, डावीकडून' वगैरे. मग जिमखान्याचं कॅशबुक आणि व्हाउचर. या शेवटच्याकडे कुणी वळत नाही, पण पुरावा म्हणून ते सर्वांत भक्कम. बॅट, नेट, शटलकॉकच्या बिलावर सचिवाची सही तारखेसकट असते, त्यामुळे कोण कधीपासून कधीपर्यंत पदावर होता ते महिन्यावर कळतं. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत, जुन्या सचिवाने नव्याला सामान सोपवल्याची नोंद सापडली, तर दोन वर्षांची नावं एकाच पानावर मिळतात. त्यानंतर पारितोषिक वितरणाच्या पत्रिका. शेवटी वर्तमानपत्रं: महाविद्यालयीन निवडणुका साधारण जुलै ते सप्टेंबरमध्ये होत, म्हणून तुमच्या भागातल्या दैनिकांच्या त्या तीन महिन्यांच्या फायली आधी चाळा.

नियम एकच ठेवा: एकमेकांवर अवलंबून नसलेले दोन पुरावे मिळाल्याशिवाय नाव पक्कं धरायचं नाही. १९८० च्या स्मरणिकेतली यादी आणि २००५ च्या स्मरणिकेतली यादी हे दोन पुरावे नव्हेत. दुसरी बहुतेक वेळा पहिलीवरूनच उतरवलेली असते, चुकांसकट.

तक्त्यात रकाने असे ठेवा: वर्ष, कागदावर जसं आहे तसं नाव, फलकावर जाणारं नाव, पद (कागदातलेच शब्द), पहिला पुरावा व पान, दुसरा पुरावा व पान, शेरा. 'जसं आहे तसं' हा रकाना कधीही दुरुस्त करायचा नाही.

फोटो हाताळताना काळजी घ्या. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, काचेवरूनच तिरका प्रकाश टाकून छायाचित्र घ्या. सुटे फोटो ६०० डीपीआयवर, छापील पानं ३०० वर स्कॅन करा. मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलीने, कडेला. बॉलपेनची खूण पुढून उठते. लॅमिनेशन आणि सेलोटेप दोन्ही टाळा. सेलोटेपचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून कागदात उतरतो, मग तो निघत नाही.

उत्तर २: कलम_चाळीस

दप्तरींनी पदाचा मुद्दा मांडलाच आहे, त्याला कायद्याची जोड देतो. तुमच्या ८० वर्षांच्या यादीत एक मोठी रेघ आहे ती १९९४ ची. महाराष्ट्र विद्यापीठ कायदा १९९४ मधल्या कलम ४० ने महाविद्यालयात विद्यार्थी परिषद आली. खुल्या निवडणुकीऐवजी प्रत्येक वर्गातून आधीच्या परीक्षेतल्या गुणांवर एक विद्यार्थी, शिवाय क्रीडा, सांस्कृतिक, एनसीसी, एनएसएस यांतून प्राचार्यांनी नेमलेले विद्यार्थी आणि या सगळ्यांनी आपल्यातून निवडलेला सचिव. म्हणजे १९९४ नंतर कागदावर 'सचिव' म्हणून जो दिसतो तो विद्यार्थी परिषदेचा सचिव, आणि क्रीडा प्रतिनिधी वेगळा. जुन्या जी.एस.चा वारस कुणाला मानायचं, हे समितीने ठराव करून लिहून ठेवावं.

माझं मत: परिषदेचा सचिवच घ्या. जी.एस. सगळ्या विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी होता, फक्त खेळाडूंचा नव्हे. मैदान आणि संमेलन दोन्ही त्याच्याकडे असायचं. मात्र फलकावर त्या जागी बारीक आडवी रेघ द्या आणि पदनाम बदलून लिहा. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात कलम ९९ ने पुन्हा निवडणुकीची तरतूद केली आणि अध्यक्ष, सचिव अशी पदं वेगळी केली. तेव्हा पुढच्या नावांसाठी पद कोणतं, तेही त्याच ठरावात नोंदवा.

संलग्नतेचं म्हणाल तर पुणे विद्यापीठ १९४९ चं आणि शिवाजी १९६२ चं. सांगलीच्या विलिंग्डनसारख्या १९१९ पासूनच्या महाविद्यालयांचाही प्रवास असाच, मुंबई-पुणे-कोल्हापूर. यू.आर. शोधत असाल तर कागद त्या-त्या काळाच्या विद्यापीठात शोधावे लागतील. जी.एस.साठी बाहेर जायची गरज नाही, ते सगळं महाविद्यालयाच्याच दप्तरात असतं.

उत्तर ३: मोडी_ते_युनिकोड

नावांबद्दल. इंग्रजी स्पेलिंगवरून अंदाजाने देवनागरी करू नका. 'के ए एल ई' हे काळे की काले? 'के ए एन ई' हे काणे की काने? 'जी ओ एल ई' गोळे की गोले? जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रवेशाच्या नोंदवहीत, त्या विद्यार्थ्याच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याचा उल्लेख असतो. दाखल्याची प्रत मिळाली तर ती बहुधा मराठीत असते. तिथलं लेखन प्रमाण माना. 'दत्तात्रय' की 'दत्तात्रेय' यात व्याकरण बघायचं नाही, माणूस स्वतः कसं लिहीत होता ते बघायचं.

आद्याक्षरांचा घोळ वेगळा. जुन्या वार्षिकांकांत नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम. पुढे परीक्षेच्या अर्जांमुळे आडनाव आधी लिहायची पद्धत रूढ झाली. 'डी. बी. काळे' आणि 'काळे बी. डी.' ही दोन माणसं आहेत की एकाच माणसाची उलटी आद्याक्षरं, हे रजिस्टर बघितल्याशिवाय ठरवू नका.

विद्यार्थिनी सचिवांचं नाव त्या वर्षी जे होतं तेच फलकावर यावं. लग्नानंतरचं नाव तक्त्याच्या शेऱ्यात. श्री., कु., सौ., डॉ., ॲड., कै. यांतलं काहीही कुणालाच लावू नका. एकाला 'डॉ.' लावलं की बाकीच्यांच्या पदव्या शोधत बसावं लागतं, आणि 'कै.' तर दरवर्षी वाढत जाणार.

छपाईला फाइल देताना एक सांभाळा. श्रीलिपी या जुन्या टंकन-प्रणालीतला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अक्षरांचा चुराडा होतो. युनिकोडमध्ये टंकित करा, मग अक्षरं आकृतीत बदलून पीडीएफ द्या. आणि 'ल' व 'श' नीट बघा. अनेक फॉन्टमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडली नाही, तर हिंदी वळणाचे ल-श उमटतात. पडद्यावर लक्षात येत नाही, हातभर फलकावर ठसठशीत दिसतं. कुऱ्हाडे, तऱ्हाळकर अशा नावांतला अर्धा 'ऱ' तुटतो, तोही कागदावर पूर्ण मापाचा नमुना काढून तपासा.

उत्तर ४: पाटीकाम

आता फलकाचं. ८० नावं आणि पुढची वीसेक वर्षं धरून जागा काढा.

देवनागरीला इंग्रजीपेक्षा ओळीत जास्त अंतर लागतं. वर वेलांटी-रफार, खाली उकार. शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत १८ मिमी धरलं, तर दोन शिरोरेषांमध्ये ३६ मिमी हवेत. २६ ओळींचे ९३६ मिमी झाले. त्यात शीर्षक १३० आणि वर-खाली ६०-६० मिळवले की ११८६. म्हणजे ८ बाय ४ फुटी प्लायच्या १२२० मिमी उंचीत बसतं. रुंदीत एका रकान्याला वर्षासाठी ८५, मधली फट २५, नावाला ३४० आणि पुढच्या रकान्याआधी ७० मिमी, असे ५२० धरा. सहस्रबुद्धे, पुरुषोत्तम अशी लांब नावंही ३४० मध्ये मावतात. चार रकाने २०८० मिमी, उरलेले ३६० दोन्ही कडांना वाटून द्या. एकूण १०४ जागा. ८० भरल्या की २४ वर्षांची सोय राहते. १८ मिमी अक्षर चार-पाच मीटरवरून आरामात वाचता येतं. दालन मोठं असेल तर दोन फलक करा, अक्षर लहान करू नका.

पाठ १९ मिमी मरीन (पाण्याला टिकणाऱ्या) प्लायची आणि चौकट सागवानी. साधा प्लाय दोन पावसाळ्यांत फुगतो. पॉलिश मॅट पीयू (पॉलियुरेथेन) घ्या. चकचकीत मेलामाईन पॉलिशवर ट्यूबलाइटचा पट्टा पडतो आणि मधली आठ-दहा नावं दिसेनाशी होतात.

अक्षरांना सोनेरी ऑइलपेंट लावू नका, कितीही आग्रह झाला तरी. त्यात पितळेची पूड असते, ती हवेने काळवंडते, हिरवट होते. खरा सोन्याचा वर्ख टिकतो, पण तो चढवणारा कारागीर मिळायला हवा. पितळी वर्ख वर संरक्षक थर नसेल तर पेंटसारखाच काळा पडतो. गडद तपकिरी पाठीवर साधा मलई रंगाचा इनॅमल सर्वांत चांगला वाचता येतो आणि वीस वर्षांनी नवं नाव त्याच रंगात जुळवता येतं. ॲक्रिलिक आणि व्हिनाइलची अक्षरं स्वस्त, पण जिमखान्यासारख्या धुळीच्या, उन्हाच्या जागेत व्हिनाइलच्या कडा उचलतात. पुढच्या वर्षी तीच छटा मिळेलच असंही नाही.

तुमच्या यादीत शंका उरलेली आहे, म्हणून माझी शिफारस वेगळी: प्रत्येक नावाची स्वतंत्र पितळी पट्टी, कोरून काळा रंग भरलेली, दोन बारीक स्क्रूंनी बसवलेली. खर्च जास्त, पण चुकलेलं नाव पाच मिनिटांत बदलता येतं. रंगवलेल्या फलकावर एक नाव खोडलं की तो डाग कायम दिसतो.

वजन चौकटीसह ४५ किलोच्या आसपास जाईल. खिळ्यांवर टांगू नका. १० मिमीचे चार अँकर फास्टनर (भिंतीत फुगून घट्ट बसणारे बोल्ट) विटेत मारा, प्लास्टरमध्ये नव्हे. भिंत आणि फलक यांत २०-२५ मिमी मोकळी जागा ठेवा, नाहीतर पावसाळ्यात मागून बुरशी आणि वाळवी. पश्चिमेच्या उघड्या भिंतीवर तर लावूच नका.

प्रश्नकर्ता: जिमखाना_दक्षिण

सर्वांचे मनापासून आभार. पितळी पट्ट्यांचं समितीला पटलं. एक शंका राहते. एका वर्षी जी.एस.ने ऑक्टोबरमध्ये राजीनामा दिला आणि दुसऱ्याने मार्चपर्यंत काम पाहिलं, असं कॅशबुकवरून दिसतं. नाव कुणाचं? आणि ज्या वर्षांचं काहीच सापडत नाही तिथे?

उत्तर ५: दप्तरी

दोघांचंही. एकाच वर्षासमोर दोन पट्ट्या, पदग्रहणाच्या क्रमाने, दुसऱ्यापुढे 'नोव्हेंबरपासून'. ऑक्सफर्डचं क्रिकेट बघा. मन्सूर अली खान पतौडी १९६१ मध्ये तिथे कर्णधार होते. १ जुलैला इंग्लंडमधल्या होव्हला मोटार अपघातात त्यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली आणि केंब्रिजविरुद्धचा लॉर्ड्सवरचा सामना दुसऱ्याच्या नेतृत्वाखाली झाला. १९६३ मध्ये पतौडी पुन्हा कर्णधार झाले. अशा माणसाचं नाव दोनदा यावं, दोन्ही वर्षांसमोर. 'एकदा आलंय ना' म्हणून दुसरी नोंद गाळू नका.

रिकाम्या वर्षांनाही पट्टी लावा. तिच्यावर वर्ष कोरून घ्या, नावाची जागा मोकळी सोडा. ते वर्षच गाळलं तर ते हरवलं आहे हेही कुणाला कळणार नाही. मोकळी पट्टी दिसली की वाचणारा विचारतो, आणि अशा विचारण्यातूनच एखाद्या घरातला फोटो बाहेर येतो. २०२०-२१ मात्र वेगळं. त्या वर्षी कोविडमुळे महाविद्यालयं बहुतांश काळ बंद होती. नेमणूकच झाली नसेल, तर 'नेमणूक नाही' असं कोरा. सापडलं नाही आणि झालंच नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पट्ट्या कोरायला देण्याआधी पूर्ण यादी महिनाभर सूचनाफलकावर लावा आणि हरकती लेखी घ्या. आलेल्या हरकतीही त्याच तक्त्यात, तारखेसह.

उत्तर ६: पाटीकाम

नाव नसलेल्या पट्ट्यांना स्क्रूऐवजी फक्त दुहेरी टेप नको, उन्हाळ्यात गळून पडतील. आणि पहिल्याच ऑर्डरमध्ये त्याच जाडीच्या ३० पट्ट्या जास्तीच्या घेऊन ठेवा. पितळेची छटा दर लॉटला बदलते.