संगीत नाटकावरून सिनेमा करायचाय, लांबी किती ठेवावी?

अंत्रुजकर:
नमस्कार मंडळी. आमच्या गावात देवळाच्या उत्सवाला दरवर्षी संगीत नाटक होतं. मंडळी हौशी, पण गाणारे तयारीचे आणि पेटी-तबल्याची साथ एकदम भक्कम. त्यातलं एक पौराणिक नाटक गावातल्याच माणसानं लिहिलेलं आहे आणि त्याच्यावरून आता सिनेमा करायचं चाललंय. पैसे जमतायत, कॅमेरावाले मिळालेत, पण गाडी अडलीय ती लांबीवर. मंडपात नाटक साडेतीन तास चालतं, वन्समोअर पडले तर चारावर जातं, आणि ते कुणाला जास्त वाटत नाही कारण लोक रात्री जेवून त्यासाठीच येऊन बसलेले असतात. आता तरुण मुलं म्हणतात दोन तासांच्या वर एक मिनिट नको, लोक मोबाईल काढतील. जुने गाणारे म्हणतात पदं कापायची असतील तर संगीत नाटकाचं नाव घेऊ नका. दोघांचंही पटतं म्हणूनच त्रास होतोय.

मी थोडं शोधलं. 'कट्यार काळजात घुसली'चा 2015 चा सिनेमा अडीच तासांच्या वर जातो आणि तो लोकांनी परत परत जाऊन पाहिला. 'शिकागो' (2002) हा ब्रॉडवेच्या संगीत नाटकावरचा हॉलिवूडचा सिनेमा दोन तासांच्या आत संपतो आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर घेऊन जातो. म्हणजे आकडे बघून काही कळत नाही. मला मनापासून विचारायचंय ते हे की कापायचं झालं तर सुरुवात कुठून करायची? पदांपासून की गद्यापासून?

पेटीमास्तर:
अंत्रुजकर, पद लहान केलं म्हणजे पदाचा अपमान झाला हे आधी डोक्यातून काढा. मी हे गाण्याच्या बाजूनंच बोलतोय. बालगंधर्वांची, मास्टर दीनानाथांची पदं पुढच्या पिढ्यांच्या कानावर कशी गेली? रेकॉर्डवरून. त्या मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूला सव्वातीन-साडेतीन मिनिटांच्या वर मावत नसे. थेटरात जे पद ते हवं तेवढं फुलवायचे तेच तबकडीवर मुखडा, अंतरा, दोनचार नेमक्या जागा आणि परत मुखडा एवढ्यात बसवायचे, आणि तरी आज आपण त्याच जागा घोटून बसतो. आणि आपले संगीतकार जितेंद्र अभिषेकीबुवा, गोव्यातल्या मंगेशीचेच, त्यांनी 'मत्स्यगंधा' (1964) आणि नंतर 'कट्यार' (1967) या नाटकांत काय केलं ते ऐका, पद आटोपशीर, शब्द आणि भाव पुढे, तानांची भरताड नाही. लोकांनी ते संगीत नाटक नाही असं म्हटलं का?

पण एक गोष्ट मात्र करा. एखाद-दुसरं पद असं ठेवा की तिथं गायकाला कोणी थांबवणार नाही. सगळीच पदं तीन-तीन मिनिटांची केलीत तर सिनेमा रेडिओवरच्या गाण्यांच्या कार्यक्रमासारखा होईल, एक झालं की दुसरं. जिथं पात्राला बोलून मोकळं होता येत नाही तिथलं पद पूर्ण फुलू द्या, आलाप, सरगम, तिहाई (तोच तुकडा तीनदा) घेऊन समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येईपर्यंत कॅमेरा तोंडावरून हलवू नका.

कट_टू_पणजी:
मी एडिटिंग करते, जास्त करून डॉक्युमेंट्री आणि शॉर्ट फिल्म, दोन नाटकांवरच्या फिल्मवरही काम झालंय. मास्तरांचं शंभर टक्के बरोबर. तुमच्या प्रश्नाला माझं सरळ उत्तर : सुरुवात गद्यापासून करा. बहुतेक जण आधी गाणी उडवतात कारण ती मोजायला सोपी, एक पद काढलं की आठ मिनिटं वाचली. पण खरा वेळ गद्यात गेलेला असतो आणि तो दिसत नाही.

उदाहरण घ्या. राणी नवऱ्याची वाट बघतेय. नाटकात ती आधी सखीला सांगते की अजून आले नाहीत, सखी धीर देते, राणी परत तेच म्हणते, मग पेटीवाला सूर देतो आणि पदात तीच गोष्ट तिसऱ्यांदा. रंगमंचावर हे लागतंच, शेवटच्या रांगेतल्या माणसाला राणीचा चेहरा दिसत नाही आणि गाण्याआधी त्याचा मूड जमवावा लागतो. सिनेमात समईत तेल घालणारा हात दाखवला, वात सारून ती दाराकडे बघते एवढं दाखवलं की झालं, तिथून थेट पदाचा पहिला सूर. चार मिनिटांचं गद्य दहा सेकंदांत आलं आणि पद अख्खं राहिलं. तुमच्या संहितेत अशा जागा पेन्सिलीनं खुणा करून बघा, भरपूर सापडतील. शिवाय विंगेतून येणं-जाणं, पडदा पडून सीन बदलणं, टाळ्यांसाठी थांबणं, वन्समोअर, हे सगळं आपोआप जातं. माझ्या अंदाजानं साडेतीन तासांचं नाटक एकही पद न काढता पावणेतीनपर्यंत येईल.

आणखी एक, सिनेमावाले म्हणतात की पटकथेचं एक पान म्हणजे साधारण एक मिनिट. हा हिशोब तुम्हाला चालणार नाही. पदाच्या चार ओळी कागदावर बोटभर जागा घेतात आणि पडद्यावर पाच मिनिटं. पानं मोजून कोणी तुम्हाला सिनेमा दीड तासाचा होईल म्हणून सांगितलं तर विश्वास ठेवू नका, पदं घड्याळ लावून गाऊन घ्या आणि मग बेरीज करा.

डिचोलीकरीण:
मला वेगळं वाटतं आणि कोणी रागावू नका. मुळात सिनेमाच का? ज्या नाटकाचं सगळं बळ समोर बसलेल्या माणसांत आणि गाणाऱ्यात आहे त्याचं चांगलं चित्रीकरण करून ठेवा ना. 'हॅमिल्टन' या ब्रॉडवेच्या संगीत नाटकाचं तेच केलं, 2016 साली थिएटरमध्येच अनेक कॅमेरे लावून प्रयोग शूट केला आणि 2020 मध्ये तो डिस्ने प्लसवर आला, 160 मिनिटं, मध्ये छोटासा इंटरवलसुद्धा ठेवलाय. लोकांनी घरी बसून पाहिलं. आमच्या लहानपणी तियात्रांच्या (गोव्यातली कोंकणी नाटकं) व्हीसीडी घरोघर असायच्या तसंच हे. आणि तियात्रात कांतारं, म्हणजे गाणी, बहुतेक कथेच्या बाहेरची असतात, दोन पडद्यांच्या मध्ये येऊन राजकारणावर, गावावर गाऊन जातात, त्यामुळे ती काढली तरी गोष्ट चालते. संगीत नाटकाचं तसं नाही हो, पद काढलं की पात्राच्या मनातलं कळायचं राहून जातं. म्हणून कापाकापीची मला भीती वाटते.

पेटीमास्तर:
ताई, चित्रीकरण करून ठेवायलाच पाहिजे, त्यात वादच नाही. उत्सवात जे गायलं जातं त्यातलं कितीतरी गाणाऱ्याबरोबर गेलं, कुणाकडे धड रेकॉर्डिंग नाही. पण यांना सिनेमा करायचाय आणि तो करावाच, जी मुलं मंडपात येत नाहीत त्यांच्यापर्यंत तरी जाईल.

अंत्रुजकर:
सगळ्यांचे आभार, पेन्सिल घेऊन बसलोय. गद्यात खरंच खूप पुनरुक्ती सापडतेय, कट टू पणजी ताई. आता एवढंच सांगा, पावणेतीन तास ठेवावेत की अजून खाली आणावं? आणि मध्यंतराचं काय?

कट_टू_पणजी:
मी असते तर सव्वादोन ते अडीचच्या मध्ये आणलं असतं. एक कारण व्यवहाराचं. सिनेमा अडीचच्या वर गेला की मध्यंतर आणि जाहिराती धरून थिएटरवाल्याचे तीन तास जातात, दिवसातला एक शो कमी होतो, आणि मराठी सिनेमाला आधीच किती शो मिळतात ते आपल्याला माहीतच आहे. दुसरं कारण कथेचं. तुमची पौराणिक गोष्ट लोकांना ठाऊक आहे, पुढे काय होणार ते सांगायला वेळ लागत नाही, वेळ लागतो तो पात्राला कसं वाटतंय ते सांगायला आणि ते काम पदं करतात.

मध्यंतर आपल्याकडे आहे हा मोठा फायदा समजा. 'विकेड' या ब्रॉडवेच्या संगीत नाटकाचंच बघा, नाटक मध्यंतर धरून पावणेतीन तासांचं, सिनेमाचे केले दोन भाग, 2024 चा पहिला भागच 160 मिनिटांचा आणि तो संपतो बरोबर नाटकात जिथं मध्यंतराचा पडदा पडतो तिथं, सगळ्यात जोरदार गाण्यावर. पण हे पुष्कळांना लांबण वाटलं आणि मलाही, नाटकातली पूर्वार्धाची घट्ट वीण सैल झाली. तुम्ही फक्त त्यातली मध्यंतराची जागा उचला : नाटकातलं जिथं टाळ्या थांबत नाहीत ते पद, त्याच्या शेवटच्या समेवर मध्यंतर. आणि उत्तरार्ध पूर्वार्धापेक्षा लहान ठेवा, कारण मध्यंतरानंतर बहुतेक नाटकांत गाणी कमी आणि घडामोडी जास्त असतात, तिथं माणूस कंटाळतो.

अजून एक महत्त्वाचं, हे सगळं शूटिंगच्या आधी ठरवा. पदं आधी रेकॉर्ड करून प्लेबॅकवर शूट करणार असाल तर पदाची लांबी स्टुडिओतच पक्की होते, नंतर मधली तान नकोशी वाटली तर ओठ जुळणार नाहीत. 'ले मिझराब्ल' (2012) या संगीत नाटकावरच्याच इंग्रजी सिनेमात नटांनी सेटवर प्रत्यक्ष गायलं, कानात पियानोची साथ देऊन, त्यामुळे त्यांना थांबायला, रेंगाळायला मोकळीक मिळाली. तुमचे गाणारे मंडपात रोज तसंच गातात, त्यांना ते जमेल. मास्तरांनी सांगितलेली जी एक-दोन मोठी पदं आहेत ती तशी लाईव्ह घ्या, पेटी शेजारच्या खोलीत आणि गाणाऱ्याच्या कानात छोटा इयरफोन, बाकीची प्लेबॅकवर. साउंडवाल्याशी मात्र आधी बोला, पावसाळ्यात कौलाखाली लाईव्ह आवाज मिळणार नाही, शूटिंग दिवाळीनंतरच ठेवा.

अंत्रुजकर:
आमची रिहर्सल गणपतीनंतर सुरू होते, तेव्हा सगळी पदं घड्याळ लावून गाऊन घेतो आणि बेरीज इथं टाकतो. मास्तर, तुम्ही फोंड्याच्या बाजूला असलात तर एक दिवस या, पेटी आहेच.