मदत हवी आहे: बाबांच्या फोटोंमागच्या आठवणी कशा जपायच्या?

नमस्कार मंडळी,

बाबांना फोटोंचा भारी नाद. सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा (हाताने रंगवलेले खेळायचे गोल पत्ते) रंगवणाऱ्या कारागिरांचे त्यांनी खूप फोटो काढलेत. एकात फक्त हात दिसतात: डाव्या चिमटीत गोल पान, उजवीकडे बारीक कुंचला, पानावरचं पाचवं कासव अर्धवट. म्हणजे दशावतारी गंजिफातला कूर्माची पंजी (पाचाचं पान) असणार (१० अवतार, प्रत्येकी १२ पानं, एकूण १२०). मागे ना तारीख, ना कारागिराचं नाव.

बाबा आता थकलेत, पण फोटो हातात दिला की भरभरून बोलतात. ते बोलणं मला फोटोइतकंच मोलाचं वाटतं, म्हणून मोबाईलवर रेकॉर्ड करतेय. पण कुठलं बोलणं कुठल्या फोटोचं, हे पुढे मुलांनाही कळावं यासाठी तुम्ही काय करता? स्कॅनच्या फाईलमध्येच मजकूर भरता की वेगळी वही ठेवता? प्रिंटच्या मागे मऊ पेन्सिलीने क्रमांक घालायचा विचार आहे, पेनाची शाई पुढे उमटते म्हणून.

आणखी एक. घरातल्या गंजिफाच्या पानांचे फोटो काढताना रोगणामुळे चकाकी येते. खिडकीच्या तिरक्या उजेडात कोणी काढलेत का? सावंतवाडीकरांनी तर नक्की सांगा.