तातडीची मदत हवी: सिंक तुंबलंय, प्रेशर वॉशरने पाईप मोकळा होईल का?

डोंबिवलीकर_७
किचन सिंकचं पाणी उतरतच नाहीये. रबरी पंप मारला, खालचा बॉटल ट्रॅप उघडून धुतला, काही उपयोग नाही. घरी गाडी धुवायचा १३० बारचा प्रेशर वॉशर आहे. त्याला लावायची ड्रेन होज (तुंबलेल्या पाईपात सरकवायची नळी) १० मीटरची घेऊ की १५? शनिवारी घरी सत्यनारायण आहे, कृपया नेमकं उत्तर द्या.

शेवंता
मजला कितवा? फक्त सिंक की मोरीही तुंबलीये? पाईप पीव्हीसीचा की बिडाचा? हे कळल्याशिवाय मीटर कसे सांगणार?

तांबडा_पांढरा
खायचा सोडा, व्हिनेगर आणि वरून उकळतं पाणी. आम्ही दर रविवारी करतो, कधीच तुंबत नाही.

साईटवाला
सोडा आणि व्हिनेगर एकमेकांना मारतात, फेस वरच राहतो. अडकलंय तिथे काहीच पोहोचत नाही. आणि पीव्हीसीत उकळतं पाणी नको, पाईप नरम पडतो, सांधे सुटतात.

तांबडा_पांढरा
आमचे सांधे अजून सुटले नाहीत. अनुभवाला काही किंमत आहे की नाही?

साईटवाला
आहे ना. तुमचं गरम पाणी तूप-तेल थिजायच्या आत पुढे जातं. यांचा पाईप आधीच बंद आहे, तिथे ते पाणी नुसतं साचून राहणार.

डोंबिवलीकर_७
दुसरा मजला, पीव्हीसी. कपड्यांचं वॉशिंग मशीन लावलं की ड्राय बाल्कनीच्या जाळीतून पाणी वर येतं, पण ते नंतर बघू. होजचं सांगा ना कुणीतरी.

साईटवाला
अहो, ते नंतरचं नाही, तेच मुख्य आहे! सिंक आणि बाल्कनीचे पाईप जिथे एकत्र होतात त्याच्या पुढे तुंबलंय. आता एक बघा: तुमचे सगळे नळ बंद असताना, वरच्यांनी पाणी सोडलं की तुमच्या जाळीतून येतं का? येत असेल तर उभा पाईप तुंबलाय. मग ते सोसायटीचं काम, खालच्या चेंबरमधून वर जेटिंग, म्हणजे जोरदार दाबाच्या पाण्याची धार, मारावी लागेल.

तुमच्याच आडव्या पाईपात असेल तर १० मीटर पुरते. नोझलला मागे तोंड असलेली भोकं हवीत. मागे सुटणाऱ्या धारांनीच होज पुढे सरकते आणि घाणही मागे वाहून येते. नोझल पाईपात गेल्यावरच मशीन चालू करायचं, बाहेर काढायच्या आधी बंद. नोझलपासून अर्ध्या मीटरवर रंगीत टेप गुंडाळा, म्हणजे कुठे थांबायचं ते कळेल. नाहीतर होज बाहेर उसळून तोंडावर बसते. आणि गन सिंकच्या तोंडाला चिंधीने आवळून दाब देऊ नका. सांडपाण्याचे पाईप दाबासाठी बनवलेले नसतात, पाणी पहिल्या मजल्याच्या छतातून गळेल.

नर्मदे_हर
ड्रेनची पावडर टाकलीये का?

डोंबिवलीकर_७
हो, काल रात्री एक पाकीट. का?

नर्मदे_हर
मग मशीन अजिबात लावू नका! त्या पावडरीत कॉस्टिक सोडा असतो आणि तो त्या पाण्यात अजून आहे. धार मारलीत तर तेच पाणी उलटून डोळ्यांत जाईल. वर ॲसिडही ओतू नका, उकळून उडतं. जो कोणी पाईप उघडेल त्याला आधी सांगा. चष्मा, रबरी हातमोजे हवेतच. डोळ्यांत गेलंच तर लगेच नळाखाली धरून निदान १५-२० मिनिटं धुवा आणि थेट डॉक्टर गाठा.

गच्चीवरून
एवढं कशाला? नाक्यावरून माणूस आणा आणि चेंबरात उतरवा, तासाभरात काम.

शेवंता
माणूस उतरवायचा नाही. आत विषारी वायू असतो, माणसं गुदमरून मरतात. २०१३ च्या कायद्याने गटारं, सेप्टिक टँक अशा जागी माणूस उतरवून धोकादायक सफाई करून घेणं हा गुन्हा आहे. असला सल्ला इथे कृपया देऊ नका.

डोंबिवलीकर_७
वरच्या काकूंना बादलीभर पाणी सोडायला सांगितलं, आमच्या जाळीतून आलं. सेक्रेटरींना कळवलंय, पावडरीचंही सांगितलंय. जेटिंगवाला उद्या येतो म्हणाला. तो आला की घरातून काही करायचंय का?

साईटवाला
खालून धार मारताना घाण तुमच्या जाळीतून वर येऊ शकते. जाळीवर ओली गोणी टाकून वजन ठेवा, बाल्कनीत कुणी थांबू नका. वरच्या सगळ्यांना तेवढा वेळ पाणी बंद ठेवायला सांगा. मोकळं झालं की सिंकमधून भरपूर पाणी सोडून बघा.

गच्चीवरून
या प्रेशर वॉशरने गच्चीवरचं शेवाळ निघतं का?

साईटवाला
निघतं. वॉटरप्रूफिंग जुनं असेल तर लांबून मारा, थर उखडतो.