विलो निवडताना हवामानाचा पट्टा कसा बघायचा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

दोन ठिकाणी तळ्याकाठी विलो लावायचा आहे. एक जागा डोंगरात आहे, तिथे कडाक्याच्या थंडीत पारा उणे १५ पर्यंत उतरतो. दुसरी सखल मैदानात, उन्हाळ्यात ४० अंश आणि हिवाळ्यातही रात्री ८ च्या खाली जात नाही. पाणी दोन्हीकडे बारमाही.

वीपिंग विलो, म्हणजे लोंबत्या फांद्यांचा सॅलिक्स बॅबिलोनिका, बहुतेक ठिकाणी 'पट्टा ६ ते ८' असा दाखवतात. पांढरा विलो (सॅलिक्स आल्बा) २ ते ८. अमेरिकी कृषी खात्याच्या नकाशात असे १३ पट्टे आहेत आणि ते वर्षातल्या सर्वांत थंड रात्रीच्या सरासरीवरून ठरवलेले आहेत. त्या हिशेबाने माझा डोंगर सातव्या पट्ट्यात येतो आणि मैदान अकराव्या.

माझं अडतंय ते इथे. नकाशा जर फक्त थंडी मोजतो, तर वरचा ८ हा आकडा कशावरून आला? त्यापुढे झाड मरतं, की नुसतं रोडावतं? पाणी भरपूर असेल तर उन्हाळा निभावेल का? झाड दीर्घकाळ टिकावं अशी फार इच्छा आहे, म्हणून लावण्याआधीच विचारतोय. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

नेमका प्रश्न विचारलात. खालचा आकडा थंडी किती सोसेल ते सांगतो. वरचा आकडा लागवडीच्या अनुभवातून आलेला असतो आणि त्यात उन्हाळ्याचा ताप आणि हिवाळ्याची विश्रांती असं दोन्ही येतं. उष्णतेसाठी अमेरिकेतल्या हॉर्टिकल्चरल सोसायटीने १९९७ मध्ये वेगळा नकाशा काढला, त्यात वर्षातले ३० अंशांवरचे दिवस मोजून १२ पट्टे पाडले आहेत. दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा.

थंड प्रदेशातले विलो पान गाळून झोपतात. ती झोप पुरी झाली नाही तर फांद्यांवरचे डोळे (कळ्या) वेळेवर आणि एकसारखे फुटत नाहीत, झाड अशक्त होतं, मग खोडकिडा आणि बुरशी शिरते. पाण्याने तहान भागेल, पण थंडीची उणीव पाणी भरून काढत नाही. म्हणून मैदानात वीपिंग विलोचा हट्ट नको, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिथे वाळुंज लावा (सॅलिक्स टेट्रास्पर्मा). भारतापासून आग्नेय आशियापर्यंत ओढ्या-नद्यांच्या काठी आपोआप वाढणारा हा विलोच आहे. सॅलिक्स, म्हणजे विलो, या वंशात सुमारे ४०० जाती आहेत. ध्रुवाजवळ जमिनीला चिकटून वाढणाऱ्या काही बोटं उंचीच्या, तशा उष्ण कटिबंधातल्याही. वाळुंजाच्या फांद्या तशा लोंबत नाहीत. लोंबतं रूपच हवं असेल तर झुकता बॉटलब्रश उष्ण हवेत छान होतो, तो विलो नाही एवढंच.

डोंगरावर पांढरा विलो आणि बॅबिलोनिका यांच्या संकरातला सोनेरी फांद्यांचा वीपिंग विलो घ्या. मूळ बॅबिलोनिकापेक्षा तो थंडीला काटक. मात्र विलोचं लाकूड ठिसूळ, वादळात फांद्या मोडतात, आणि मुळं पाण्याच्या वासावर सांडपाण्याच्या नळांत घुसतात. घर आणि नळांपासून निदान १५ मीटर लांब लावा.

रोपापेक्षा काडी बरी. तुमच्यासारख्याच हवेत धड वाढलेल्या झाडाची, पानगळ झाल्यावर, पेन्सिलीएवढ्या जाडीची २५-३० सेंटिमीटरची काडी घ्या आणि दोन-तृतीयांश ओल्या मातीत खोचा. विलो मुळं धरायला फार राजी असतो.

धागाकर्ता

मनापासून आभार! मैदानात वाळुंजच लावणार. आता एकच शंका: विलोत नर आणि मादी झाडं वेगळी असतात आणि मादीच्या बियांचा कापूस उडतो. तळ्यावर तो साचू नये म्हणून नर झाडाचीच काडी हवी आहे. फुलोरा नसताना नर झाड ओळखता येतं का, की बहराची वाट बघून झाडाला खूण करून ठेवावी लागेल?