अनुभव की निर्णयक्षमता?
कुणीतरी म्हटलंय की ओबामा सिनेटमध्ये जेमतेम ४ वर्षं होता, हिलरी, मॅकेन अशी मुरलेली माणसं सोडून २००८ साली त्याला अमेरिकेचा अध्यक्ष म्हणून निवडणं म्हणजे जुगारच. मला नाही पटत हे. इराकचंच घ्या ना, ऑक्टोबर २००२ मध्ये सिनेटने ७७ विरुद्ध २३ मतांनी युद्धाला परवानगी दिली, हिलरी, मॅकेन, बायडन सगळे बाजूने, आणि त्याच महिन्यात तेव्हा फक्त इलिनॉयच्या राज्य सिनेटमध्ये असलेला ओबामा शिकागोत भर सभेत सांगत होता की हे युद्ध चुकीचं आहे. (त्याला तेव्हा मत द्यायचं नव्हतं, मान्य. पण त्या वातावरणात असं बोलणं सोपं नव्हतंच.) इराक युद्धाच्या वेळचा संरक्षणमंत्री रम्सफेल्ड, त्याच्याकडे अनुभव कमी होता का? तो तर १९७५ मध्येच पहिल्यांदा संरक्षणमंत्री झालेला! अनुभव नकोच असं मी म्हणत नाहीये, पण नुसती वर्षं काय मोजायची, त्या वर्षांत निर्णय काय घेतले ते बघा की. अजून मागे जायचं तर ब्यूकॅनन, खासदार, सिनेटर, परराष्ट्रमंत्री, ब्रिटनमधला राजदूत असं सगळं होऊन अध्यक्ष झाला आणि दक्षिणेतली राज्यं बाहेर पडून देश फुटायला लागला तेव्हा हातावर हात ठेवून बसला. त्याच्यामागून आला लिंकन, काँग्रेसमध्ये फक्त २ वर्षं काढलेला.