ऱ्हाइनगाउ: आई-बाबांना काय दाखवू?

नमस्कार मंडळी,

आई-बाबा ऑक्टोबरपर्यंत आमच्याकडे आहेत. शनिवारी ऱ्हाइनगाउ या ऱ्हाइन नदीकाठच्या द्राक्षबागांच्या पट्ट्यातल्या रूडेसहाइम गावी न्यायचा विचार आहे. दोघंही वाइन पीत नाहीत, आईचे गुडघे दुखतात. बाबांची निफाडला द्राक्षबाग आहे, त्यामुळे वेली बघायला ते कितीही चालतील. नेमकं काय दाखवू?

– माइन्झहून

---

ताई,

वाइन पीत नसले तरी जरूर न्या. वीसबाडनहून गाडी पकडा आणि डावीकडच्या खिडकीशी बसा, नदी सतत सोबत राहते. उत्तरेकडे वाहणारी ऱ्हाइन इथे तेवढी पश्चिमेला वळते. म्हणून सगळे उतार दक्षिणेला तोंड करून ऊन खातात आणि मागचा टाउनुस डोंगर गार वारा अडवतो. बाबांना हे आधीच सांगून ठेवा.

ड्रॉसेलगासे या तिथल्या अरुंद गल्लीतली गर्दी टाळलीत तरी चालेल. पाळण्याने (रोपवेने) थेट नीडरवाल्डच्या स्मारकाशी जा. दोघांपुरते उघडे पाळणे बागांच्या डोक्यावरून जातात, आईंना चढ नाही. फ्रान्सविरुद्धच्या १८७०-७१ च्या युद्धानंतर उभारलेलं हे स्मारक १८८३ मध्ये खुलं झालं. ३८ मीटर उंच, वर मुकुट उंचावलेली गेर्मानिया, म्हणजे जर्मनीचं प्रतीक असलेली स्त्री. उद्घाटनाला सम्राट येणार म्हणून अराजकवाद्यांनी सुरुंग पेरला होता, पण पावसाने वात भिजली. मला स्वतःला त्या विजयाच्या थाटापेक्षा तिथून दिसणारी नदी आवडते. खाली बिंगेनजवळचा उंदीर-मनोरा दिसेल. दुष्काळात गरिबांना जाळणाऱ्या हाट्टो बिशपला तिथे उंदरांनी खाल्लं अशी दंतकथा आहे.

पण बाबांसाठी खरी जागा योहानिसबर्गचा वाडा. तिथे १७२० मध्ये रीसलिंग या पांढऱ्या वाइनच्या द्राक्षाची मोठी लागवड झाली. तेव्हा ही जागा मठाची होती आणि फुल्डा इथल्या धर्मगुरूंच्या ताब्यात, त्यामुळे तोडणीची परवानगी शंभराहून जास्त किलोमीटरवरून घोडेस्वाराने आणायची. १७७५ मध्ये स्वार फार उशिरा परतला, अशी कथा सांगतात. तोवर घडांना बुरशी लागली होती. तरीही रस काढला आणि वाइन अप्रतिम झाली! उशिराच्या तोडणीला ‘श्पेटलेझे’ म्हणतात, त्याचं मूळ या प्रसंगात सांगतात. त्या स्वाराचा पुतळा अंगणातच आहे.

वेळ उरला तर एबरबाखचा मठ पाहा. ११३६ चा आहे, आणि जुन्या भोजनशाळेत द्राक्षं दाबायचे बारा प्रचंड लाकडी चरक मांडलेत, सर्वांत जुना १६६८ चा.

– वीसबाडनचे काका

---

काका, मनापासून आभार!

पाळण्यात आई डोळे मिटून बसली होती आणि बाबा वाकून ओळी मोजत होते. ‘मांडव नाही, ओळी सरळ उताराला, पाणी ठरणार कसं?’ हे त्यांनी मला तीनदा विचारलं.

योहानिसबर्गला मात्र ते स्वाराच्या पुतळ्यासमोर गप्प उभे राहिले. कथा सांगितली तर म्हणाले, ‘बुरशीचा घड? आम्ही तो काढून बागेबाहेर टाकतो, नाहीतर शेजारचे मणीही जातात.’ मी मोबाइलवर वाचून दाखवलं, की सकाळचं धुकं आणि दुपारचं ऊन मिळालं तर ही बुरशी सालीला बारीक छिद्रं पाडते, पाणी उडून जातं आणि मण्यात साखर दाटते. बाबांनी कुंपणाशी झुकलेला एक घड तळहातावर तोलला. मणी अजून हिरवे, टणक होते. ‘म्हणजे बेदाणा वेलीवरच होतोय,’ ते म्हणाले. नंतर आमच्याकडे २०१९ च्या अवकाळी पावसात घडच्या घड कुजले होते, ते दिवस आईला आठवून सांगत बसले. आई म्हणाली, ‘तेव्हा तुम्ही आठवडाभर जेवला नव्हता.’

एबरबाख राहिलं. बाबांना तोडणीच्या दिवसांत परत यायचंय, कात्री हातात घेऊन. ऱ्हाइनगाउतला कुणी बागायतदार ओळखीचा असेल, एक दिवस सोबत काम करू देईल, तर कृपया कळवा. भाषेची अडचण येणार नाही, मी बरोबर असेन.

– माइन्झहून